ह्यूई गॅलोग्लीची बारावी धून

बॉस्टन
१६ ऑक्टोबर १९५५

प्रिय फेलिम,

आधी आईची तब्येत कशी आहे ते लिही, मग बाकीचं. मी पाठवलेली लोकरीची शाल ती अंगावर घेते, की पाहुण्यांसाठी पेटीत ठेवली? उत्तर मला माहीत आहे, तरी विचारते.

शनिवारी आमच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघराला सुट्टी दिली, म्हणून आपल्या लोकांच्या नाचाच्या हॉलमध्ये गेले होते. बँडने नाचाची एक जिग सुरू केली आणि माझा पाय उचलेचना. फेलिम, ती तुझी जिग होती. गोठ्यातली. मी तांबड्या गाईचं दूध काढत होते, तू दारात उलट्या बादलीवर बसून फिडलवर गजाने एकच ओळ चाळीस वेळा घासत होतास. मी म्हणाले होते, "अरे, आता तिला खाली तरी उतरव, गाय पान्हा चोरायला लागली." मग तू ती ओळ खाली उतरवलीस आणि जिग पुरी झाली. १९३८ सालचा मे महिना. मला तारीख नाही आठवत, पण गाय आठवते.

मी बँडवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "लीट्रिमच्या थोर ह्यूई गॅलोग्लीची जिग आहे बाई. डब्लिनहून तबकडी आलीय. वाजवलीय त्याच्या शेवटच्या शिष्याने, फेलिम मल्वीने."

थोर ह्यूई गॅलोग्ली म्हणे. आपल्या दलदलीच्या कडेला राहायचा तोच ना? त्याला तीन धुना यायच्या आणि त्यातली तिसरी पहिलीसारखीच होती. लोक त्याच्या हातात पेला द्यायचे ते त्याने वाजवायचं थांबावं म्हणून. आणि तू त्याचा शिष्य कधी झालास? दोनदा त्याच्याकडे गेलास, त्यातल्या एकदा तो झोपला होता.

हा काय प्रकार आहे ते उलट टपाली कळव.

तुझी,
डीलिया


ड्रमकूरा, काउंटी लीट्रिम
२० नोव्हेंबर १९५५

प्रिय डीली,

शाल पेटीत आहे. आई अंथरुणातच आहे, पण जीभ अजून हिंडती फिरती आहे.

तुला थापा मारून उपयोग नाही, तू त्या गोठ्यात होतीस. तर ऐक. ती जिग पुरी झाली त्याच महिन्यात मॅकटिगच्या घरी नाच होता. मी ती वाजवली. म्हातारा पीटर मॅकटिग म्हणाला, "बरी आहे रे. कोणाकडून घेतलीस?" आपल्याकडे हाच पहिला प्रश्न. धून चांगली की वाईट हे मागाहून. मी म्हणालो, माझीच आहे. सगळं घर हसलं. पीटर म्हणाला, "वा. देवाने आजवर पुरेशा धुना केल्या नव्हत्या, म्हणून मल्वीच्या पोराला पाठवलं." पुढे वर्षभर रस्त्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय फेलिम, आज किती घातल्यास?" जणू मी कोंबडीच.

पुढच्या हिवाळ्यात पलीकडच्या गावात तीच जिग वाजवली. पुन्हा तोच प्रश्न. माझी जीभ आपण होऊन बोलली, "ह्यूई गॅलोग्लीकडून." ह्यूई निराधारांच्या गरीबखान्यात मरून तीन वर्षं झाली होती, त्याला विचारायला कोण जाणार? एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि म्हणाला, "जुनी माणसं ती जुनीच." मग तीच जिग मला तीनदा वाजवायला लावली आणि तिच्यावर सगळं घर नाचलं. मला माझी धून नाचताना पाहायची होती डीली, एवढंच.

बारा वर्षांत अशा अकरा झाल्या. चार वर्षांपूर्वी डब्लिनहून जुन्या धुना गोळा करणारे क्वर्कसाहेब मोटारीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घालून आले. मी अकराही वाजवल्या. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, कोणाकडून? आणि मी सांगितलं ते ते लिहीत गेले. मग रेडिओ झाला, तबकडी झाली, आणि आता दर जूनला इथे गॅलोग्ली महोत्सव भरतो. फादर डोलन त्याचे अध्यक्ष. गेल्या वर्षी मी हौसेने स्पर्धेत उतरलो. माझ्याच अकरांतली एक रील वाजवली आणि तिसरा आलो. परीक्षकाने कागदावर लिहून दिलं, "हात चांगला, पण ह्यूईच्या मूळ वळणापासून जरा दूर."

हसू नकोस. मी ज्या घरात पाय ठेवतो तिथे ह्यूई माझ्या आधी जाऊन बसलेला असतो. नवं काही केलं तरी लोक म्हणतात, ह्यूईचंच दिसतंय. ह्यूईसारखं नाही असं काही मला करता येत नाही, कारण ह्यूई म्हणजे मीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तू तिकडे कोणाला काही बोलू नकोस. ह्यूईची मुलगी कॅसी अजून आहे. शाळेत जिच्या शेजारी कोणी बसायचं नाही, ती. आता ती रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते.

तुझा,
फेलिम


बॉस्टन
२२ जानेवारी १९५६

प्रिय फेलिम,

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी हॉलमध्ये बोलून मोकळी झाले होते. घाबरू नकोस, काही उपयोग झाला नाही. बँडवाला म्हणाला, "बाई, या हॉलमधल्या निम्म्या बायकांच्या भावांनी ती जिग केलेली आहे." सगळे हसले. मी त्याला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, आई तुझ्याकडून वाचून घेईल.

पण ते हसणं माझ्या मनातून जाईना. तू आईसाठी मागे राहिलास आणि मी निघून आले. तुझ्याजवळ आपलं म्हणावं असं काय आहे? शेत काकांच्या नावावर, घर आईच्या. या अकरा धुना तेवढ्या तुझ्या, आणि त्या तू एका मेलेल्या माणसाच्या खिशात घालून बसलास. मला हे सहन होत नाही.

म्हणून मी क्वर्कसाहेबांना पत्र लिहिलं आहे. गोठा, गाय, बादली, सगळं. तुझ्याच्याने बोलवत नसेल तर मी बोलते. रागावशील, पण मागाहून दुवा देशील.

तुझी,
डीलिया


ड्रमकूरा
१९ मार्च १९५६

डीलिया,

क्वर्कसाहेब गुरुवारी आले. एकटे नाही. वाटेत फादर डोलनांकडे थांबले, आणि फादरांनी कॅसीला बरोबर दिलं, वडिलांचा विषय आहे म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात बसले. तुझं पत्र टेबलावर सोडा ब्रेडच्या शेजारी ठेवलं. "तुमच्या बहिणीचं अक्षर फार ठाम आहे," साहेब म्हणाले. "मला फक्त हो किंवा नाही हवं."

कॅसीने नवा कोट घातला होता. ती कपातल्या चहाकडे बघत बसली होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आई तिथून ऐकत होती.

मी म्हणालो, "माझी बहीण नऊ वर्षं परदेशात आहे साहेब. घरची आठवण फार आली की माणसाला न घडलेलंही आठवतं." साहेबांनी मान हलवली. हेही त्यांनी वहीत लिहून घेतलं. मी तुला सरळ वेडी ठरवलं डीली, एका वाक्यात, आणि वर त्यांना आणखी चहा ओतला.

साहेब मोटारीकडे गेल्यावर कॅसी फाटकापाशी थांबली. म्हणाली, "फेलिम, माझ्या बाबांना तीन धुना येत होत्या. मला तीनपर्यंत मोजता येतं."

मी विचारलं, "मग आत गप्प का बसलीस?"

"बाबांची शवपेटी गरीबखान्यातून आणायला या गावात चार खांदे मिळाले नव्हते. गाढवाच्या गाडीतून आणली मी. आता त्याच घरांतली माणसं वाटेत थांबून विचारतात, कशी आहेस कॅसी. हे तू मला दिलंस. दिलेलं कोणी परत घेतं का?"

मी शब्द दिला. त्या अकरा धुनांबद्दल मी जन्मात तोंड उघडणार नाही.

आत आलो तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "माझ्या पोरीला काय म्हणालास ते ऐकलं मी." त्या दिवशी ती जेवली नाही.

तू चांगल्या मनाने केलंस, हे मला कळतं. पण तू दार उघडायला गेलीस आणि ते बाहेरून आणखी घट्ट लागलं. काही दिवस मला पत्र लिहू नकोस.

फेलिम


बॉस्टन
२ डिसेंबर १९५८

प्रिय फेलिम,

तार मिळाली. बोटीला आठवडा लागतो आणि तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी माती देतात, तेव्हा मी येऊन तरी काय केलं असतं असं सगळे म्हणतात. मी भांडी घासली, मालकीणबाईंचं जेवण वाढलं, आणि मग कोळशाच्या खोलीत जाऊन रडले.

आईच्या नावाने पाठवलेली पत्रं तूच तिला वाचून दाखवायचास हे मला माहीत होतं. म्हणून त्यांत तुझ्यासाठीही चार ओळी घालत होते. हवापाण्याच्या. तुला कळलं असेल.

मी राग केव्हाच सोडला. तूही सोड. आता आपण दोघंच. ती शेवटी काय बोलली ते मला लिही, काही गाळू नकोस.

तुझी,
डीलिया


ड्रमकूरा
११ जानेवारी १९५९

प्रिय डीली,

त्या ओळी मला कळत होत्या. हवापाणी इतक्यांदा कोणी विचारत नाही.

शेवटच्या आठवड्यापर्यंत आईचं सगळं शुद्धीतलं होतं. शाल मागून घेतली, पेटीतून. मग एका दुपारी म्हणाली, "तुझं काय काय आहे ते मला माहीत होतं आणि डीलीला. मी गेल्यावर कोणाला?" मी म्हणालो, कॅसीलाही माहीत आहे. आई म्हणाली, "ती कशाला सांगेल?" त्यानंतर ती तुझ्याबद्दल बोलत राहिली. तू लहानपणी तलावात पडली होतीस ते. तीन वेळा तेच सांगितलं आणि तीनही वेळा तुला काठावर काढलं.

माती देऊन आलो त्या आठवड्यात मी एक धून केली. नाचाची नाही, संथ आहे. यापूर्वीच्या अकरांपैकी एकही हिच्या जवळपास येत नाही, हे मी फुशारकीने लिहीत नाही, मला तेवढं कळतं. कशी आहे ते पत्रात सांगता येत नाही. मला सुरावट कागदावर उतरवता येत नाही, आणि आली असती तरी तुला वाचता आली नसती.

ही मी कोणाला देणार नाही. जूनच्या महोत्सवात मंचावरून वाजवणार आणि मोठ्याने सांगणार, ही फेलिम मल्वीची, त्याच्या आईसाठी केलेली. कॅसीला शब्द दिला तो अकरांचा. बारावी माझी. मी बेचाळीस वर्षांचा आहे, डीली. एक तरी माझ्या नावाने माझ्यामागे राहू दे.

तुझा,
फेलिम


बॉस्टन
१४ एप्रिल १९५९

प्रिय फेलिम,

बरोबर टाय पाठवते आहे. मंचावर तुझा तो शेतातला गळपट्टा घालून जाऊ नकोस. आणि नाव सांगताना मान वर करून सांग. तू तोंडातल्या तोंडात बोलतोस, मागच्या रांगेला वाटायचं गाय हरवलीय.

त्या दिवशी किती वाजता उठायचं त्याचा मी हिशेब करून ठेवला आहे. तू वाजवशील तेव्हा इथे सकाळ असेल. मी नाश्त्याची अंडी उकळत असेन आणि मनात तुझ्याबरोबर असेन. आई असती तर म्हणाली असती, झालं एकदाचं.

तुझी,
डीलिया


ड्रमकूरा
५ जुलै १९५९

प्रिय डीली,

टाय घातला होता. कोबीसारखा दिसतोस, असं कॅसी म्हणाली. मान वर केली. नाव मोठ्याने सांगितलं, मागच्या रांगेतल्या कुत्र्यानेही मान वळवली.

वाजवली. चुकलो नाही. संपल्यावर लोकांनी टाळ्या दिल्या, शाळेतल्या पोराने पाढा म्हणून दाखवल्यावर देतात तशा. फादर डोलन मंचावर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या फेलिमने गुरूकडून बरंच घेतलंय, नाही का? पण गुरू तो गुरू. आता ह्यूईची ती जिग होऊन जाऊ दे." लोक खुर्च्या सरकवून उभे राहिले. मी गोठ्यातली जिग वाजवली आणि सगळं मैदान नाचलं. माझ्याच एका लेकराने दुसऱ्याला ढकलून बाहेर काढलं.

क्वर्कसाहेब मागाहून म्हणाले, "भावना खरी आहे. पण ह्यूईची खोली नाही." ते वाईट मनाने बोलले नाहीत. इथे कोणीच वाईट मनाने बोलत नाही, म्हणून तर भांडताही येत नाही.

आठवडाभर मी ती चारपाच बैठकींत सुरू करून पाहिली. सुरू केली की लोक खिशात चिलीम शोधायला लागतात. कोणी शिकव म्हणालं नाही. माझ्याबरोबर ती वाजवणारं दुसरं कोणी नसेल, तर डीली, ती माझ्याबरोबरच संपेल. दुसऱ्याने उचलली नाही ती धून कसली?

तू विचारशील, पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षीही वाजवीन. दुसरं करण्यासारखं काय आहे?

तुझा,
फेलिम


ड्रमकूरा
४ सप्टेंबर १९६०

प्रिय डीली,

हे पत्र जूनपासून लिहितो आहे.

महोत्सवात या वर्षी मला दुपारी तंबूत बसवलं होतं. वीसेक माणसं, निम्मी पावसातून आत आलेली. मी माझी संथ धून वाजवली आणि माझ्या नावाने सांगितली. लोक चहाला निघाले. तेवढ्यात मागून कॅसी उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "ही फेलिमची नाही. माझ्या बाबांची आहे. त्यांना गरीबखान्यात नेलं त्याच्या आदल्या महिन्यात चुलीपाशी बसून हीच गुणगुणत असायचे. फेलिम तेव्हा आमच्या दारात यायचा, त्याच्या कानात राहिली असेल. त्याला आपली वाटते. त्याच्या मनात पाप नाही."

चहाला निघालेले परत बसले. पाव तासात तंबू भरला. फादर डोलन धापा टाकत आले, क्वर्कसाहेबांनी मोटारीतून यंत्र आणवलं. सगळ्यांनी मला उदार मनाने माफ केलं. "असं होतं फेलिम," फादर म्हणाले, "मोठ्यांचं आपल्या अंगात मुरतं आणि आपल्याला कळत नाही." त्यांचे डोळे ओले होते.

क्वर्कसाहेबांनी विचारलं, "कॅसी म्हणते ते खरं?"

मेयोकडची एक मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने फिडल हनुवटीखाली धरून ठेवलं होतं. तिच्यामागे आणखी वीसपंचवीस जणांनी पेट्या उघडल्या होत्या. मी नाही म्हणालो असतो तर ते सगळे वाद्यं ठेवून चहाला गेले असते. गेल्या वर्षी मी ते पाहिलं होतं.

मी म्हणालो, "असेल."

मग मी त्यांना ती ओळीओळीने शिकवली, दुपारभर. सहाच्या सुमाराला तीस जण एकत्र वाजवत होते. मी गज मांडीवर ठेवला आणि ऐकत बसलो. त्यांनी तिला नाव दिलं, 'ह्यूईचा निरोप'.

घरी येताना मी कॅसीला विचारलं, "हे माझ्यासाठी केलंस, की बापासाठी?" ती म्हणाली, "तुला ती जगायला हवी होती ना?" दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर तिने दिलं नाही. रोज सकाळी ती दुधाचा कॅन घेऊन येते, आणि तिने माझ्यावर उपकार केला की माझं शेवटचंही ओढून नेलं, हे रोज विचारायचं मी टाळतो. आता मला माझं म्हणायला काही शिल्लक नाही, आणि तिकडे ती धून तीन काउंट्यांत पोचली आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या की माणसाने कुठे जायचं ते मला कळत नाही.

तुला हवं तेवढं रागवायला मोकळीक आहे. क्वर्कसाहेबांचा पत्ता तुझ्याकडे आहेच.

तुझा,
फेलिम


बॉस्टन
११ मार्च १९६२

प्रिय फेलिम,

दीड वर्ष तुला उत्तर दिलं नाही, कारण तुला म्हणून लिहायला बसायची आणि ते पत्र क्वर्कसाहेबांना व्हायचं. पाच लिहिली. पाचही चुलीत घातली. मी तुझ्यावर चिडले होते, कॅसीवर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर त्या टायवरही.

काल हॉलमध्ये गेले होते. नाच संपत आला होता, मी कोट घातला होता. गॉलवेकडचा एक नवा फिडलवाला मंचावर आला आणि म्हणाला, "ह्यूई गॅलोग्लीचा निरोप." मी दाराकडे चालायला लागले. ऐकायचीच नाही असं ठरवलं होतं.

पहिला भाग मी दारात उभ्याने ऐकला, दात आवळून. दुसऱ्या भागात आई होती. संध्याकाळी तलावाच्या शेतातून आपल्याला बोलवायची ना, तशी. आधी तुझं नाव, आखूड, दाराशी आपटल्यासारखं. मग माझं, लांब ओढलेलं, शेवटी वर नेऊन तिथेच सोडलेलं. फेलिम, तू मला हे एकाही पत्रात सांगितलं नव्हतंस. पंधरा वर्षांत मला त्या आवाजात कोणी हाक मारलेली नाही. मी पहिल्या सापडलेल्या खुर्चीवर बसले.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि कपाचाही आवाज येत नव्हता. ती सगळी माझं नाव ऐकत होती.

शेजारी रॉसकॉमनची एक बाई रुमाल काढून बसली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही लीट्रिमच्या ना? कोणाची हो ही?"

सात वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. कोणीतरी मला सरळ, न हसता विचारावं म्हणून. मी तोंड उघडलं. मंचावर तो माणूस धून परत पहिल्यापासून घ्यायला गज उचलत होता आणि लोक खुर्च्या पुढे ओढत होते.

"आमच्या गावच्या ह्यूई गॅलोग्लीची," मी म्हणाले. "फार मोठा माणूस होता."

तुझी,
डीलिया